मत हॅरिसना, मत सँडर्सना आणि गव्हर्नर रिपब्लिकन!

५ नोव्हेंबर २०२४ ला ट्रम्प यांच्या विजयाच्या गदारोळात व्हरमाँट राज्याचा निकाल आपल्याकडे कुणाच्या फारसा लक्षात आला नाही. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं, साडेसहा लाखांच्या आत लोकवस्तीचं हे राज्य डेमोक्रॅट पक्षाचा बालेकिल्ला आहे. तिथे रिपब्लिकन फिल स्कॉट सुमारे ७३ टक्के मतं घेऊन सलग पाचव्यांदा गव्हर्नर झाले. डेमोक्रॅट उमेदवार एस्थर चार्ल्सटिन २२ टक्क्यांच्या आसपास थांबल्या. या निकालाबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं या वेळी देत आहोत.

प्रश्न (सांगली) : एकाच दिवशी, एकाच मतपत्रिकेवर लोक हॅरिस यांना निवडतात आणि गव्हर्नर मात्र ट्रम्प यांच्या पक्षाचा. हे जमतं कसं? मतमोजणीत काही गडबड तर नाही?

गडबड काही नाही. व्हरमाँटच्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, काँग्रेस (अमेरिकेची संसद) सदस्य, गव्हर्नर, लेफ्टनंट गव्हर्नर (उपगव्हर्नर), राज्याचा खजिनदार अशी पदं एकाखाली एक येतात आणि प्रत्येक पदासाठी वेगळा लंबगोल पेनाने भरावा लागतो. काही राज्यांत एकच खूण केली की एका पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जातं. व्हरमाँटमध्ये ती सोय नाही. त्यातून या राज्यात मतदाराची पक्षनिहाय नोंदणीच होत नाही. तुम्ही रिपब्लिकन की डेमोक्रॅट, हे सरकारदरबारी कुठेही लिहिलेलं नसतं.

आता आकडे पाहा. राष्ट्राध्यक्षपदासाठी हॅरिस यांना राज्यात ६३ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. सिनेटसाठी अपक्ष, पण डेमोक्रॅटांच्या बाजूचे बर्नी सँडर्स यांनाही साधारण तेवढीच. स्कॉट यांची मतं हॅरिस यांच्यापेक्षा तीस हजारांच्या घरात जास्त, आणि राज्यातले चौदाच्या चौदा जिल्हे त्यांच्याकडे. अडीच लाखांपेक्षा थोड्या जास्त मतांचा हा धनी आहे, हे ध्यानात घेतलं की तीस हजारांचं वजन कळतं. हॅरिस, सँडर्स आणि स्कॉट या तिघांनाही मत देणारे लोक तिथे हजारोंनी आहेत. त्यांना विचारलं तर त्यात त्यांना काही विसंगत वाटत नाही. वॉशिंग्टनला कोण जातं आणि राज्याच्या राजधानीत, मॉंटपिलियरला कोण बसतं, हे दोन वेगळे हिशेब आहेत.

स्कॉट यांनीही स्वतःला ट्रम्प यांच्यापासून हातभर लांब ठेवलं. २०२० मध्ये आपण बायडन यांना मत दिल्याचं त्यांनी उघड सांगितलं आणि २०२४ मध्ये हॅरिस यांना. ६ जानेवारी २०२१ च्या संसदेवरील हल्ल्यानंतर ट्रम्प यांनी पायउतार व्हावं किंवा त्यांना काढावं, असं म्हणणाऱ्या मोजक्या रिपब्लिकन गव्हर्नरांत ते होते. २०१९ मध्ये गर्भपाताचा हक्क राज्याच्या कायद्यात लिहिणाऱ्या विधेयकावर त्यांनी सही केली. त्यांच्या पक्षाचं नाव घेऊन त्यांच्यावर हल्ला चढवायचा म्हटलं, तर विरोधकांच्या हाती दारूगोळाच उरत नाही.

प्रश्न (परभणी) : आपल्याकडे राज्यपालांची नेमणूक होते. तिकडच्या गव्हर्नरच्या हाती नेमकी काय सत्ता असते?

आपल्या राज्यपालांची नेमणूक घटनेच्या १५५ व्या कलमानुसार राष्ट्रपती करतात. अमेरिकेतला गव्हर्नर थेट लोकांच्या मतांवर येतो, आणि कामाच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. फरक असा की तो विधिमंडळाचा सदस्य नसतो आणि अविश्वास ठराव आणून त्याला घालवता येत नाही.

व्हरमाँटचा गव्हर्नर जानेवारीत अर्थसंकल्प मांडतो, खात्यांचे सचिव नेमतो (त्यांना राज्याच्या सिनेटची, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाची मान्यता लागते), न्यायाधीश एका निवड मंडळाने दिलेल्या यादीतून नेमतो, माफी देऊ शकतो आणि विधेयकांवर नकाराधिकार वापरू शकतो. मात्र बऱ्याच राज्यांत गव्हर्नरला खर्चाच्या विधेयकातली एखादी ओळ खोडता येते, तसं इथे नाही. घ्यायचं तर अख्खं विधेयक, नाकारायचं तर अख्खं.

प्रश्न (नाशिक) : पाच वेळा निवडून येणं म्हणजे वीस वर्षं का? आणि उभं राहण्यासाठी काय करावं लागतं?

नाही, इथे मुदत दोनच वर्षांची. गव्हर्नरला दोन वर्षांची मुदत देणारी राज्यं आता फक्त दोन उरली आहेत, व्हरमाँट आणि शेजारचं न्यू हॅम्पशायर. बाकी सगळीकडे चार. किती वेळा उभं राहायचं यावर व्हरमाँटमध्ये बंधन नाही. स्कॉट २०१६ मध्ये पहिल्यांदा निवडून आले तेव्हा त्यांना ५३ टक्क्यांच्या आसपास मतं होती, २०१८ मध्ये ५५, २०२० मध्ये ६८, २०२२ मध्ये ७१ आणि २०२४ मध्ये ७३. दर खेपेला चढती कमान. सत्तेत बसल्यावर नाराजी साचत जाते, हा आपल्याकडचा आडाखा इथे उलटा पडला.

पदावर असलेला गव्हर्नर नोव्हेंबरच्या निवडणुकीत हरला, असं या राज्यात शेवटचं घडलं १९६२ मध्ये. तेव्हा रिपब्लिकन एफ. रे कीझर यांना फिलिप हॉफ यांनी हरवलं. हॉफ हे शंभरहून अधिक वर्षांनंतर आलेले पहिले डेमोक्रॅट गव्हर्नर. त्यानंतर जे गेले ते बहुतेक स्वतःहून थांबले. रिचर्ड स्नेलिंग १९९१ मध्ये पदावर असतानाच वारले आणि लेफ्टनंट गव्हर्नर हॉवर्ड डीन त्यांच्या जागी आले. डीन मग २००३ पर्यंत राहिले.

उभं राहण्याची रीत सोपी आहे. मोठ्या पक्षाच्या प्राथमिक फेरीसाठी (पक्षाचा उमेदवार मतदार ठरवतात ती फेरी) राज्यातल्या मतदारांच्या किमान ५०० सह्या गोळा करून मेअखेर द्यायच्या. ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी प्राथमिक फेरी होते. तिथे कुणीही मतदार कोणत्याही एका पक्षाच्या मतपत्रिकेवर मत देऊ शकतो. सह्या गोळा करताना लोक काठावर थांबतात आणि फसतात: काही सह्या मतदारयादीशी जुळत नाहीत, काहींचं गाव चुकलेलं असतं. म्हणून अनुभवी उमेदवार ५०० च्या जागी सातशे-आठशे घेऊन ठेवतात.

वेळापत्रकाचा आणखी एक परिणाम असतो. विधिमंडळाचं अधिवेशन जानेवारी ते मे चालतं. स्कॉट बहुतेक वेळा ते संपेपर्यंत आपण उभे राहणार की नाही हे सांगत नाहीत. २०२४ मध्येही मे महिन्यातच सांगितलं. तोवर विरोधी पक्षातले नावाजलेले लोक पाणी जोखत बसतात, कारण रिकाम्या खुर्चीसाठी लढणं वेगळं आणि स्कॉट यांच्याशी लढणं वेगळं. घोषणा झाली की बडी मंडळी बाजूला होतात आणि नवख्यांना मैदान मोकळं मिळतं. २०२२ मध्ये डेमोक्रॅट प्राथमिक फेरीत ब्रेंडा सीगल यांच्यासमोर कुणीच नव्हतं. चार्ल्सटिन या शिक्षण क्षेत्रातल्या, मिडलबरी गावच्या कारभारी मंडळावर काम केलेल्या. उमेदवार म्हणून त्यांच्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, पण राज्यभर नाव पोचवायला ऑगस्ट ते नोव्हेंबर हे तीन महिने पुरत नाहीत.

प्रश्न (सोलापूर) : कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पुन्हा मतदान होतं का?

होत नाही, निर्णय विधिमंडळ करतं. राज्याच्या घटनेप्रमाणे गव्हर्नर, लेफ्टनंट गव्हर्नर आणि खजिनदार या तीन पदांसाठी निम्म्याहून जास्त मतं लागतात. ती मिळाली नाहीत तर जानेवारीत दोन्ही सभागृहं एकत्र बसतात, १५० प्रतिनिधी आणि ३० सिनेटर, आणि पहिल्या तिघांमधून एकाला गुप्त मतदानाने निवडतात.

हे नुसतं कागदावर नाही. २०१४ मध्ये डेमोक्रॅट गव्हर्नर पीटर शमलिन यांना ४६ टक्के आणि रिपब्लिकन स्कॉट मिल्न यांना ४५ टक्के मतं होती. मिल्न यांनी माघार घेतली नाही. जानेवारी २०१५ मध्ये विधिमंडळाने ११० विरुद्ध ६९ मतांनी शमलिन यांना निवडलं. पुढच्या वेळी ते उभेच राहिले नाहीत आणि ती रिकामी जागा स्कॉट यांनी घेतली.

पहिल्या क्रमांकाला निवडायचं हा संकेत आहे, कायदा नाही. १९७६ च्या निवडणुकीनंतर लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी विधिमंडळाने दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला बसवलं होतं. २०२४ मध्ये याच पदावर पुन्हा वेळ आली: रिपब्लिकन जॉन रॉजर्स हे तेव्हा पदावर असलेल्या डेव्हिड झकरमन यांच्यापुढे सहा हजारांच्या आसपास मतांनी होते, पण निम्म्याच्या खाली. डेमोक्रॅट बहुमत असलेल्या विधिमंडळाने संकेत पाळला आणि रॉजर्स यांना निवडलं. रॉजर्स हे पूर्वी डेमोक्रॅट सिनेटर होते, त्याच वर्षी त्यांनी पक्ष बदलला होता. (पक्षांतर ही आपलीच मक्तेदारी आहे असं समजू नये.)

लेफ्टनंट गव्हर्नर वेगळा निवडला जातो, जोडीने नाही, हेही यात आलंच. स्कॉट स्वतः २०११ ते २०१७ अशी सहा वर्षं डेमोक्रॅट गव्हर्नर शमलिन यांच्या हाताखाली लेफ्टनंट गव्हर्नर होते.

प्रश्न (ठाणे) : तिथे मतपत्रिका घरपोच येते म्हणे. पद्धत काय, आणि मतं बाद कशी होतात?

नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी प्रत्येक सक्रिय मतदाराला टपालाने मतपत्रिका पाठवायची, असा कायदा २०२१ मध्ये झाला. सप्टेंबरअखेरीपासून पाकिटं घरी यायला लागतात. मतपत्रिका भरायची, ती प्रमाणपत्राच्या पाकिटात घालायची, ते पाकीट चिकटवून त्यावर सही करायची आणि मग परतीच्या पाकिटात ठेवून टाऊन क्लार्ककडे (गावची निवडणूक सांभाळणारा अधिकारी) पाठवायचं. मतदानाच्या आदल्या दिवशी कार्यालय बंद होण्याच्या आत ते क्लार्ककडे पोचलं पाहिजे, किंवा मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत आपल्या केंद्रावर. टपालाचा शिक्का कोणत्या तारखेचा आहे याला किंमत नाही, हातात कधी पडलं हे बघतात. म्हणून टपालाने पाठवायचं तर आठवडाभर आधी टाकावं, नाहीतर स्वतः नेऊन द्यावं.

मतं बाद होतात ती मुख्यतः सहीच्या पाकिटामुळे. लोक मतपत्रिका थेट बाहेरच्या पाकिटात घालतात, किंवा आतल्या पाकिटावर सही करायची विसरतात. नवरा-बायकोची पाकिटं अदलाबदल होणं हा तर घरोघरचा प्रकार.

ऑगस्टच्या प्राथमिक फेरीत घोळ जास्त होतो. त्या वेळी मतपत्रिका आपोआप येत नाही, मागावी लागते. मागितली की डेमोक्रॅट, रिपब्लिकन आणि प्रोग्रेसिव्ह अशा तिन्ही पक्षांच्या मतपत्रिका येतात. मत द्यायचं एकीवर. उरलेल्या दोन कोऱ्या मतपत्रिका त्यासाठी दिलेल्या वेगळ्या पाकिटात घालून परत पाठवायच्या. त्या कोऱ्या केराच्या टोपलीत टाकल्या की झालं, मत सदोष ठरतं. कारण सरळ आहे: कोऱ्या परत आल्या नाहीत तर मतदाराने एकाहून अधिक पक्षांत मत दिलं नाही याची खात्री कशी करणार? आता कायद्याने क्लार्कने मतदाराला दोष कळवायचा असतो आणि मतदान संपेपर्यंत तो दुरुस्त करता येतो. पण त्यासाठी पाकीट लवकर पोचलेलं हवं. शेवटच्या दिवशी आलेल्या पाकिटातली चूक दुरुस्त करायला वेळच कुठे असतो?

मतपत्रिका हरवली तर केंद्रावर जाऊन, आधी मत दिलेलं नाही असं लिहून देऊन नवी घेता येते. मतदारयादीत नाव नसेल तर त्याच दिवशी नोंदवता येतं.

प्रश्न (कोल्हापूर) : ७३ टक्के मतं असलेल्या माणसाला विधिमंडळात विरोधकांचं बहुमत कसं काय? आणि मग तो राज्य चालवतो कसा?

हा या सगळ्या प्रकरणातला कळीचा प्रश्न आहे. २०२२ मध्ये स्कॉट ७१ टक्के मतांनी आले आणि त्याच दिवशी त्याच मतदारांनी दोन्ही सभागृहांत डेमोक्रॅट आणि त्यांचे मित्र प्रोग्रेसिव्ह यांना दोन तृतीयांशांहून जास्त जागा दिल्या. सिनेटच्या ३० पैकी रिपब्लिकनांकडे फक्त ७. माणसाची लोकप्रियता पक्षाच्या खात्यात जमा होत नव्हती.

याचा परिणाम नकाराधिकारावर होतो. विधेयक आलं की गव्हर्नरला रविवार सोडून पाच दिवस मिळतात. सही केली तर कायदा; सही न करता तसंच ठेवलं तरी कायदा; परत पाठवलं तर दोन्ही सभागृहांत हजर सदस्यांच्या दोन तृतीयांश मतांनी ते उलथवता येतं. सगळे हजर असतील तर प्रतिनिधीगृहात १०० आणि सिनेटमध्ये २०. स्कॉट यांनी पन्नासहून अधिक विधेयकं परत पाठवली आहेत. राज्याच्या इतिहासात दुसऱ्या कुठल्या गव्हर्नरने इतकी पाठवलेली नाहीत. मधला मार्गही ते वापरतात. हवामान बदलामुळे झालेल्या नुकसानीचा खर्च तेल कंपन्यांकडून वसूल करणारं २०२४ चं विधेयक त्यांनी सही न करता कायदा होऊ दिलं.

पण २०२३ आणि २०२४ मध्ये समोर दोन तृतीयांश होते, त्यामुळे बऱ्याच नकारांचा उपयोग झाला नाही. १७ जून २०२४ ला एकाच दिवसात विधिमंडळाने त्यांचे अनेक नकार उलथवले. त्यातला सगळ्यात महागात पडलेला होता मालमत्ता कराचा, आणि तो कुणाला महागात पडला हे पुढे पाहू.

व्हरमाँटमध्ये शाळांचा खर्च राज्याच्या शिक्षण निधीतून होतो आणि निधीत मोठा वाटा मालमत्ता कराचा असतो. गावोगावचे लोक मार्चच्या पहिल्या मंगळवारी आपल्या शाळेचं अंदाजपत्रक मतदानाने मंजूर करतात. सगळ्या गावांची बेरीज राज्यापुढे येते आणि त्या खर्चाला पुरेल असा दर विधिमंडळ मे महिन्यात ठरवतं. म्हणजे खर्च गाव मंजूर करतं, पण दर जाहीर करण्याचं पाप आमदारांच्या माथी येतं.

२०२४ मध्ये एकदम तीन-चार गोष्टी जुळून आल्या. कोविडकाळातला केंद्राचा पैसा संपला, शाळा कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरमसाट वाढला, इमारतींची कामं निघाली. त्यात २०२२ च्या एका कायद्याने गरीब, दुर्गम आणि इंग्रजी न बोलणाऱ्या घरातल्या मुलांसाठी निधीच्या हिशेबात जास्त वजन (म्हणजे एका मुलाची गणती एकाहून जास्त) धरायला सुरुवात केली होती. ज्या शाळांवर त्यामुळे कराचा बोजा वाढणार होता त्यांना धक्का बसू नये म्हणून करवाढीला ५ टक्क्यांची मर्यादा घातली. अट एवढीच की दर मुलामागचा खर्च १० टक्क्यांहून कमी वाढावा. हेतू चांगला, परिणाम उलटा. खर्च नऊ टक्के वाढवला काय आणि चार टक्के वाढवला काय, कर पाचच टक्के वाढणार, हे कळल्यावर हात आखडता कोण घेईल? बोजा मात्र एकूण निधीवर, म्हणजे सगळ्या राज्यावर. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळाला ती मर्यादा घाईघाईने काढून टाकावी लागली. तोपर्यंत अंदाजपत्रकं छापून झाली होती. मार्चमध्ये जवळजवळ एक तृतीयांश अंदाजपत्रकं लोकांनी फेटाळली.

शेवटी जो दर ठरला त्याने मालमत्ता कर सरासरी १३.८ टक्क्यांनी वाढला. स्कॉट यांनी ते विधेयक परत पाठवलं, विधिमंडळाने ते उलथवलं, आणि उन्हाळ्यात लोकांच्या घरी बिलं पोचली. त्या वाढीवर स्कॉट यांची सही नाही हे सगळ्यांना माहीत होतं. टीकाकारांचं म्हणणं असं की गव्हर्नरने वेळेवर स्वतःचा पक्का पर्याय दिलाच नाही, नुसता नाही म्हणाले. त्यात तथ्य आहे. पण खिशाला चाट बसलेल्या मतदाराला एवढा खोल हिशेब नको असतो.

या खेपेला स्कॉट यांनी एक गोष्ट वेगळी केली. आधीच्या निवडणुकांत ते आपल्यापुरतं बघत. २०२४ मध्ये ते सिनेट आणि प्रतिनिधीगृहाच्या रिपब्लिकन उमेदवारांसाठी दारोदार फिरले. त्यांची मागणी बहुमताची नव्हती. माझा नकार टिकेल एवढा समतोल द्या, इतकंच. मतदारांनी तेवढंच दिलं. सिनेटमध्ये रिपब्लिकन ७ वरून १३ वर गेले आणि प्रतिनिधीगृहात ५६ वर. बहुमत डेमोक्रॅटांकडेच राहिलं, पण दोन तृतीयांश गेले. त्यानंतर दोन्ही बाजूंना एका टेबलावर बसावं लागलं आणि १ जुलै २०२५ ला शिक्षणव्यवस्था आणि तिचा खर्च यांची मोठी फेररचना करणाऱ्या विधेयकावर स्कॉट यांनी सही केली.

प्रश्न (जळगाव) : कधी लोकांचा रोष ओढवून घेतला की नुसतं गोड बोलून निभावलं?

रोष घेतला, आणि तो स्वतःच्या घरातल्यांचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये फेअर हेवन गावात शाळेवर हल्ल्याचा बेत आखणारा तरुण पकडला गेला. त्याआधी बंदुकांवर नवे निर्बंध नकोत म्हणणारे स्कॉट त्या प्रकरणाची कागदपत्रं वाचून बदलले. एप्रिलमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर, समोर बंदूकधारकांचा जमाव "गद्दार" म्हणून ओरडत असताना, त्यांनी सही केली. खरेदीचं किमान वय २१, खासगी विक्रीतही पार्श्वभूमी तपासणी, लांब बंदुकीच्या मॅगझिनमध्ये जास्तीत जास्त १० आणि पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये १५ गोळ्या. शिकारीची परंपरा असलेल्या राज्यात ही छोटी गोष्ट नव्हती. ऑगस्टच्या प्राथमिक फेरीत जवळपास एक तृतीयांश रिपब्लिकन मतं एका किराणा दुकानदाराला पडली. स्कॉट यांची जी काही घसरण झाली ती तेवढीच.

प्रश्न (पुणे) : विरोधी उमेदवाराला पैसा उभा करायला सरकारी मदत मिळते का?

मिळू शकते, पण अटी जाचक आहेत. गव्हर्नरपदासाठी किमान १,५०० मतदारांकडून प्रत्येकी ५० डॉलरपेक्षा जास्त नाही अशा देणग्यांतून किमान ३५,००० डॉलर जमवायचे. देणगीदारांपैकी एका जिल्ह्यातले पंचवीस टक्क्यांहून अधिक चालत नाहीत, आणि १५ फेब्रुवारीच्या आधी उमेदवारी जाहीर करता येत नाही. दात्यांची संख्या भरली तरी जिल्ह्यांच्या अटीवर गाडी अडते, कारण लोकवस्ती बर्लिंग्टन या सगळ्यात मोठ्या शहराच्या आसपास दाटलेली. फार थोडे उमेदवार या वाटेला जातात.

प्रश्न (डोंबिवली) : माझी मुलगी बर्लिंग्टनला एफ-१ व्हिसावर शिकते. तिला स्थानिक निवडणुकीत तरी मत देता येईल का? तिचे मित्र म्हणतात देता येतं.

मित्रांनी अर्धं ऐकलंय. मॉंटपिलियर, विनूस्की आणि नंतर बर्लिंग्टन या शहरांनी नागरिक नसलेल्या कायदेशीर रहिवाशांना शहराच्या निवडणुकीत मताचा हक्क दिला आहे. बर्लिंग्टनचा तो बदलही विधिमंडळाने स्कॉट यांचा नकार उलथवूनच केला. पण 'कायदेशीर रहिवासी' म्हणजे कायमचा किंवा अनिश्चित काळासाठी राहणारा, जसे ग्रीन कार्डवाले. शिक्षणापुरता आलेला विद्यार्थी त्यात बसत नाही. गव्हर्नरच्या निवडणुकीत तर ग्रीन कार्डवाल्यांनाही मत नाही, तिथे नागरिकत्वच लागतं.

मुलीला दोन गोष्टी बजावून ठेवा. व्हरमाँटमध्ये ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जाबरोबर मतदारनोंदणी आपोआप होते. अर्जावर नागरिकत्वाचा प्रश्न येतो. तिथे घाईत चुकीची खूण झाली तर पुढे व्हिसा, ग्रीन कार्ड सगळंच अडचणीत येऊ शकतं. नागरिक असल्याचा खोटा दावा इमिग्रेशनवाले फार गंभीरपणे घेतात, मत दिलं नसलं तरी. चुकून नोंदणी झालीच तर मत देऊ नका आणि वकिलाला विचारून नाव काढून घ्या. दुसरं, एफ-१ वर असताना कोणत्याही उमेदवाराला एक डॉलरचीही देणगी द्यायची नाही. ती मनाई केंद्राची आहे आणि राज्याच्या, गावाच्या निवडणुकांनाही लागू आहे. पैसे न घेता पत्रकं वाटायला, फोन करायला हरकत नसते. मोबदला घेऊन प्रचार केला तर तो व्हिसाचा भंग.

प्रश्न (नागपूर) : इतकी लोकप्रियता असलेला नेता वॉशिंग्टनला का जात नाही?

जाण्याचा आग्रह झाला आहे, ते गेले नाहीत, आणि शहाणपणा केला. स्कॉट यांच्यासारखे आणखी दोघे होते: डेमोक्रॅट मॅसॅच्युसेट्समध्ये चार्ली बेकर आणि डेमोक्रॅट मेरीलँडमध्ये लॅरी होगन, दोघेही रिपब्लिकन, दोघेही दोनदा निवडून आलेले. २०२२ मध्ये बेकर स्वतःहून बाजूला झाले, होगन यांना मुदतीच्या मर्यादेमुळे पुन्हा उभं राहता आलं नाही, आणि दोन्ही खुर्च्या डेमोक्रॅटांकडे गेल्या, मोरा हीली आणि वेस मूर यांच्याकडे. होगन २०२४ मध्ये सिनेटला उभे राहिले आणि अँजेला ऑल्सोब्रुक्स यांच्याकडून हरले. मेरीलँडचे मतदार त्यांना गव्हर्नर म्हणून चांगलंच म्हणत होते. पण सिनेटमध्ये एक जागा म्हणजे पक्षाच्या बहुमताला एक हात, आणि तिथे मतदाराने माणूस बाजूला ठेवून पक्ष पाहिला.

उलट बाजूनेही तसंच आहे. केंटकी हे ट्रम्प यांना भरभरून मतं देणारं राज्य. तिथे डेमोक्रॅट अँडी बेशियर २०२३ मध्ये पुन्हा गव्हर्नर झाले. पूर आणि वादळं आली तेव्हा हा माणूस दिसला, एवढं लोकांना पुरलं. स्कॉट यांच्या बाबतीत २०२० मध्ये कोविडच्या नियमित, लांबलचक पत्रकार परिषदा आणि जुलै २०२३ च्या पुरानंतरचा वावर यांचा तोच उपयोग झाला. त्यात बॅरीसारख्या ग्रॅनाइटच्या खाणींच्या गावचा, बांधकामाच्या धंद्यातला, थंडर रोडच्या धावपट्टीवर गाड्यांच्या शर्यती जिंकणारा माणूस. गव्हर्नर झाल्यावरही ते शर्यतीत उतरले आहेत. व्हरमाँटमध्ये हे सगळं चालतं. सिनेटच्या शर्यतीत त्यातलं काय उपयोगी पडेल, हे होगन यांना विचारावं.